पाठदुखीच्या रुग्णाची पहिली भेट

सांगली जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात कंबर, मान, खांदा किंवा गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्या रुग्णाची पहिली तपासणी फिजिओथेरपिस्टने करावी, आणि ज्याला औषध, रक्ततपासणी, एक्स-रे किंवा शस्त्रक्रिया यांची खरोखर गरज आहे त्याला त्याच दिवशी शेजारच्या खोलीत बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे, अशी मागणी मी या लेखात मांडत आहे. आज हा क्रम उलटा आहे. रुग्ण आधी गोळी घेतो, मग इंजेक्शन, मग एमआरआय काढतो, काही जण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊन पोचतात, आणि एवढे सगळे करून भागले की कोणीतरी त्याला ‘आता थोडी फिजिओ करा’ असे सुचवते. जो उपचार दुखणे नवे असतानाच हाती यायला हवा होता तो आपल्याकडे सर्वांत शेवटी येतो, आणि खेड्यातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत तर तो पोचतच नाही.

हा प्रश्न कोणाचा आहे हे पाहायचे असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत तासगाव-पलूस पट्ट्यातल्या एखाद्या द्राक्षबागेत जावे. घड सुटले की विरळणी सुरू होते. मांडवाखाली बायका सकाळपासून मान मागे टाकून, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून, बारीक कात्रीने घडातले जास्तीचे मणी काढत असतात. मजुरी झाडावर ठरलेली असेल तर मध्ये हात खाली घेण्याचीही सवड नसते, आणि हंगाम संपेपर्यंत खांदा धरणे, मानेतून हाताला मुंग्या येणे, रात्री कुशीवर झोपता न येणे या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. त्याच काळात वाळवा, कडेगाव भागात मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्या काम करीत असतात. कोयता चालवताना दिवसभर कमरेत वाकायचे आणि नंतर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे, हे काम ज्याने जवळून पाहिले आहे त्याला मणक्यावर किती भार पडतो हे सांगावे लागत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल, विट्याच्या यंत्रमागावर उभ्याने पाळी काढणारे कामगार, आणि कोणत्याही यादीत न येणारी, घरची धार काढणारी व वैरणीचा भारा आणणारी बाई, हे सगळे याच ओळीतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १७१ कोटी लोक हाडे, स्नायू आणि सांध्यांच्या कोणत्या ना कोणत्या विकारासह जगत आहेत, आणि कंबरदुखी हे १६० देशांत अपंगत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. आपल्या जिल्ह्यात त्याचा अर्थ बुडालेली मजुरी असा होतो, कारण ज्याचे अंग दुखते त्याचे अंग हेच भांडवल असते.

अशा माणसाची वाट सहसा ठरलेली आहे. कंबरेत उसण भरली की आधी घरात चोळणे-शेकणे होते, मग मेडिकल दुकानातून मागून आणलेल्या दोन गोळ्या, मग गावातल्या दवाखान्यात सुई. पंधरा दिवसांनी दुखणे परत आले की हाडवैद्याकडे एक फेरी होते, किंवा कोणीतरी सांगितलेल्या पुड्या सुरू होतात, ज्यांपैकी काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते आणि ज्यांचा ‘गुण’ म्हणूनच पहिल्या दिवशी येतो. यात दोन-तीन महिने जातात. त्यानंतर उधार-उसनवार करून मिरज गाठायची, तिथे एमआरआय काढायचा, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ एवढे ऐकून आणि कमरेला पट्टा बांधून परत यायचे. मिरजेत रुग्णसेवेची परंपरा मोठी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय उभे केले ते १८९४ साली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी लंडनमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन जी संस्था स्थापली तीच पुढे ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची व्यावसायिक संस्था झाली. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालापासून आहे. परंतु विशेषज्ञांची इतकी दाटी असलेल्या गावापासून काही तासांच्या अंतरावर, जत तालुक्यातल्या उमदी किंवा संखसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला, वाकताना दुखते तर कसे वाकावे, काम किती करावे आणि कोणता व्यायाम करावा हे सांगणारे कोणीही नाही.

यात वैद्यकीय अधिकाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सपाटीवर ३० हजार आणि डोंगरी भागात २० हजार लोकसंख्या असावी असा निकष आहे. बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोगाचा पाठपुरावा, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, साथीचे सर्वेक्षण, साप चावलेला रुग्ण, शवविच्छेदन, तालुक्याच्या बैठका आणि न संपणाऱ्या ऑनलाइन नोंदी हे सगळे सांभाळून जो डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात बसतो, त्याच्याकडे गुडघा दुखणाऱ्या बाईसाठी फार तर दोन-तीन मिनिटे उरतात. तेवढ्या वेळात तो केसपेपरवर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी, पित्ताची गोळी आणि कॅल्शियम लिहितो आणि ‘वजन उचलू नका, खाली बसू नका’ असे सांगतो. सल्ला सद्भावनेचा असतो, पण ज्या घरी चूल, जनावरे आणि शेत आहे तिथे तो पाळता येत नाही, आणि पाळला तरी स्नायू आणखी अशक्त होतात. शिवाय एमबीबीएसच्या शिक्षणात अस्थिरोग हा विषय मुख्यतः हाडमोड आणि शस्त्रक्रिया यांच्या अंगाने येतो. हालचालीतले बिघाड ओळखणे आणि व्यायामाची मात्रा ठरवणे हे ज्याचे मुख्य शिक्षण आहे असा पदवीधर निराळा आहे, आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मंजूर पदांत नाही.

हा पदवीधर पहिल्या भेटीत नेमके काय करतो, याची कल्पना पुष्कळांना नसते, म्हणून मी पाहिलेली एक तपासणी थोडी तपशिलात सांगतो. पलूस तालुक्यातल्या एका केंद्रात शिबिराच्या दिवशी पन्नाशी ओलांडलेली एक बाई आली. कंबरेपासून डाव्या पोटरीपर्यंत कळ येत होती आणि तीन सुया घेऊन झाल्या होत्या. तपासणारी फिजिओथेरपिस्ट तिला हाक मारून बोलावत असतानाच ती बाकावरून कशी उठते, कोणत्या पायावर भार टाकते हे पाहत होती. मग प्रश्न सुरू झाले. लघवी झालेली कळते का, शौचाच्या जागी बधिर वाटते का, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते का, ताप, वजन उतरणे, घरात कोणाला क्षय, पूर्वी कोणती गाठ काढली होती का. त्यानंतर टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावले, आडवे करून सरळ पाय उचलून पाहिला, पायाच्या अंगठ्याची ताकद दोन्हीकडे तपासली, हातोडीने गुडघ्याचे आणि घोट्याचे झटके पाहिले, पोटरीवर कापसाने स्पर्श करून डावे-उजवे सारखे लागते का ते विचारले. पुन्हा पुन्हा मागे वाकल्यावर पोटरीतली कळ वर कंबरेकडे सरकते, हे त्या बाईच्या स्वतःच्याच ध्यानात आले. ‘मावशी, नस चिडलीय, तुटलेली नाही. पायात ताकद आहे. झोपून राहू नका,’ असे सांगून तिने दोन व्यायाम करून घेतले, दिवसातून तीनदा थोडे थोडे चालायला सांगितले, आणि वैरणीचा एक भारा दोन खेपांत आणायची तजवीज घरच्या मुलाला समोर बसवून पक्की केली. पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीची जाणीव गेली तर त्याच दिवशी यायचे, एरवी आठ दिवसांनी, हे दोघांनाही परत म्हणून दाखवायला लावले. या सगळ्याला वीसेक मिनिटे लागली. यंत्र एकही वापरले नाही.

ती वीस मिनिटे आपल्या व्यवस्थेत कुठेच नाहीत, आणि त्यांची जागा एमआरआयने घेतली आहे. एमआरआयच्या चित्रात दिसणारा बिघाड हेच दुखण्याचे कारण, असे रुग्णाला वाटणे स्वाभाविक आहे, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या चित्रणांचे निष्कर्ष एकत्र करून २०१५ साली जे पुनरावलोकन प्रसिद्ध झाले, त्यात मणक्यांमधल्या चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होते. म्हणजे यातल्या बहुतेक गोष्टी वयाबरोबर येणाऱ्या, केस पांढरे होण्यासारख्या आहेत. पण तो अहवाल हातात आलेला चाळीस वर्षांचा शेतकरी वाकायला घाबरू लागतो, मुलाला सायकलवर बसवत नाही, चालणेही कमी करतो, आणि त्या भीतीने पाठ अधिकच आखडते. एमआरआयची गरज ज्यांना आहे त्यांना तो विनाविलंब मिळालाच पाहिजे. ज्यांना ती नाही त्यांच्या बाबतीत त्याच्यावर झालेला खर्च पैशापुरता मर्यादित राहत नाही, हे आपण ध्यानात घेतलेले नाही.

वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच आहे. थोड्या दिवसांसाठी, पोट आणि मूत्रपिंड पाहून दिलेली गोळी उपयोगी असते आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण गुडघेदुखीचा रुग्ण साठीचा असतो, त्याला बहुधा रक्तदाब असतो, अनेकांना मधुमेहही असतो, आणि डायक्लोफेनॅकच्या वर्गातली औषधे महिनोन्महिने घेतली तर रक्तदाब वाढतो, जठरात व्रण होतात, मूत्रपिंड दुखावते. ज्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून नोंद ठेवली जाते, त्याच मंदिराच्या पलीकडे रस्त्यावरच्या दुकानातून तोच माणूस रक्तदाब वाढवणारी गोळी रोज घेत असेल, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जात आहे. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद वाढवणे आणि वजन आटोक्यात ठेवणे हे उपचाराचे गाभ्याचे भाग आहेत, हे आता अस्थिरोगतज्ज्ञही मान्य करतात. तो व्यायाम कोणी शिकवायचा आणि तो चुकत तर नाही ना हे कोणी पाहायचे, एवढेच ठरायचे राहिले आहे.

कायद्याने याची वाट अडवलेली नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्य परिषदेचा कायदा २००२ चा आहे, आणि २०२१ साली संसदेने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात फिजिओथेरपिस्टच्या कामात तपासणी, निदान, उपचार आणि प्रतिबंध यांचा समावेश आहे, आणि तो स्वतंत्रपणे किंवा इतर वैद्यकीय व्यावसायिकांच्या गटाचा भाग म्हणून काम करू शकतो असे त्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. तरीही सार्वजनिक आरोग्यसेवेत आपण त्याला शस्त्रक्रियेनंतरचा किंवा पक्षाघातानंतरचा मदतनीस मानत आलो. त्याला इतिहासही आहे: आपल्याकडे या विषयाचे शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईत सुरू झाले ते पोलिओच्या गरजेतून, त्यामुळे हा व्यवसाय रुग्णालयाच्या आत, डॉक्टरच्या चिठ्ठीनंतर, वाढला. ऑस्ट्रेलियाने ही चिठ्ठीची अट १९७६ सालीच सोडली. इंग्लंडमध्ये २०१९ च्या दीर्घकालीन आरोग्य आराखड्यानंतर सरकारी पैशातून कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यात ‘प्रथम संपर्क फिजिओथेरपिस्ट’ नेमले जाऊ लागले. तिथे ज्या दवाखान्यांच्या गटाला हा निधी मिळतो त्याची लोकसंख्या साधारण ३० ते ५० हजार असते. आपल्या सपाटीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या ३० हजार. इंग्लंडची श्रीमंती आपल्याकडे नाही, पण कामाच्या घटकाचा आकार जवळजवळ तोच आहे, आणि म्हणून त्यांचा अनुभव आपल्याला मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांपेक्षा अधिक जवळचा आहे.

या मागणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की साध्या वाटणाऱ्या दुखण्यामागे घातक आजार असू शकतो आणि तो फिजिओथेरपिस्टच्या नजरेतून सुटेल. हा आक्षेप डॉक्टरांच्या स्वार्थातून येतो असे म्हणून तो उडवून लावणारे या विषयाचे नुकसान करतात. पाठदुखीमागे मणक्याचा क्षय असू शकतो, आणि आपल्या भागात क्षय काही दुर्मीळ नाही. कर्करोग मणक्यात उतरलेला असू शकतो. डाव्या खांद्याचे दुखणे हृदयाचे असू शकते. लाल होऊन तापलेला, सुजलेला एकच सांधा पूने भरलेला असू शकतो आणि तिथे एका दिवसाचा उशीरही सांधा घालवतो. मणक्याच्या तळाशी मज्जातंतूंचा जुडगा दबला तर काही तासांतच लघवीवरचे नियंत्रण कायमचे जाण्याचा धोका असतो. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बोटे आखडलेली राहत असतील आणि हाताचे लहान सांधे सुजलेले असतील तर तो झिजेचा नव्हे, रुमॅटॉइड प्रकारचा संधिवात असू शकतो. त्याला मेथोट्रेक्सेटसारखे औषध पहिल्या काही महिन्यांतच मिळायला हवे, व्यायामाने तो थांबत नाही.

हे सगळे खरे मानूनच मला म्हणायचे आहे की आजच्या व्यवस्थेत हे आजार सुटतात ते प्रश्न विचारायला कोणाला वेळच नसतो म्हणून. लघवी कळते का, रात्री दुखते का, वजन उतरले का हे तीन प्रश्नही न विचारता दिलेली सुई क्षयाचे निदान कित्येक महिने पुढे ढकलते. ज्याच्याकडे वीस मिनिटे आहेत, जो रोज याच प्रकारचे रुग्ण पाहतो आणि ज्याच्यापुढे धोक्याच्या खुणांची लेखी यादी आहे, त्याच्याकडून हे आजार सुटण्याची शक्यता कमी राहील, मात्र त्यासाठी काही अटी पाळाव्याच लागतील. नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी या जागी एकटी बसवू नये. इंग्लंडमध्येही या कामासाठी पदव्युत्तर पातळीची क्षमता सिद्ध करावी लागते. आपल्याकडे पदवीनंतर किमान तीन वर्षांचा अनुभव आणि काही आठवड्यांचे निदानविषयक प्रशिक्षण ही अट घालावी. फिजिओथेरपिस्ट आणि वैद्यकीय अधिकारी एकाच छपराखाली असावेत, म्हणजे शंका आली की रुग्णाला उठवून शेजारच्या खोलीत नेता येईल. ठरावीक आठवड्यांत अपेक्षित सुधारणा झाली नाही तर रुग्ण आपोआप डॉक्टरकडे गेला पाहिजे, फिजिओथेरपिस्टला तसे वाटो वा न वाटो. औषध लिहिण्याचा अधिकार आज मागू नये, आणि या जागेसाठी त्याची गरजही नाही.

नावाआधी ‘डॉक्टर’ लावण्याचा वाद मी इथे मुद्दाम थोडक्यात घेतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ती उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि लगेच ते मागे घेतले. त्यावरून दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. त्यात ज्याचा गुडघा दुखतो त्याच्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. खोलीच्या दारावर नाव आणि खाली ‘फिजिओथेरपिस्ट’ एवढे स्पष्ट लिहिलेले असले की रुग्णाची फसवणूक होत नाही, आणि रुग्णाला तेवढे पुरते.

त्यापेक्षा फिजिओथेरपीच्या व्यवसायाला मला एक कठोर गोष्ट सांगायची आहे, कारण मी त्यांच्याच बाजूने लिहीत आहे. आपल्या तालुक्याच्या गावांतल्या बहुतेक केंद्रांत गेल्यावर रुग्णाला पलंगावर आडवे करून शेक, करंट, कधी ट्रॅक्शन म्हणजे मणक्याला ताण देणे, अशी यंत्रे लावली जातात, दहा दिवसांचे पैसे आगाऊ घेतले जातात आणि व्यायाम शेवटी पाच मिनिटांत उरकला जातो. रुग्णालाही यंत्र लावले म्हणजे उपचार झाला असे वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत ट्रॅक्शन, उपचार म्हणून दिला जाणारा अल्ट्रासाउंड, त्वचेवरून दिला जाणारा करंट आणि कमरेचा पट्टा या चारही गोष्टी नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे म्हटले आहे. ज्यांची शिफारस केली त्यांत रुग्णशिक्षण आणि नियमबद्ध व्यायाम ठळक आहेत. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट आणायचा आणि त्याच्या पाठोपाठ यंत्रांची निविदा काढायची, असे झाले तर सुईची जागा करंटने घेतली एवढाच फरक पडेल. या खोलीत एक पलंग, चटई, एक पायरी, ताणायचे रबरी पट्टे, रिफ्लेक्स पाहायची हातोडी, कोन मोजायची पट्टी आणि एक मजबूत पडदा एवढे असले तरी काम चालते. पडदा मी मुद्दाम लिहिला. कंबरदुखी घेऊन येणाऱ्या कितीतरी बायकांचे अंग बाहेर येत असते, बाळंतपणानंतर लघवी थांबत नाही, आणि आडोसा असल्याशिवाय व समोर बाई असल्याशिवाय त्या ते सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा त्यावरचा पहिला उपचार आहे आणि तो शिकवणाऱ्या मुली आपल्याच भागातल्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडत आहेत. कराडला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, सांगली-कोल्हापूरच्या कितीतरी मुली साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम पूर्ण करतात, आणि मग पुण्यात तुटपुंज्या पगारावर किंवा परदेशी परीक्षांच्या तयारीत अडकतात.

प्रत्येक केंद्राला पूर्णवेळ पद लगेच मिळणार नाही, हे मला मान्य आहे. दोन केंद्रांमागे एक फिजिओथेरपिस्ट नेमून, त्या त्या गावच्या बाजाराचा दिवस धरून ठरलेले वार लावले तर सुरुवात होऊ शकते, कारण बाजाराच्या दिवशी लोक एरवीही गावात येतात आणि मजुरी बुडत नाही. जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून २०१०-११ पासून फिजिओथेरपीची तरतूद आहे. ती खाली आणण्याचा प्रस्ताव राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यात जिल्ह्याने पाठवायला हवा, आणि मंजुरीची वाट पाहत असताना पहिली काही केंद्रे जिल्हा परिषदेने स्वनिधीतून चालवायला हवीत. जत तालुक्याच्या पूर्व भागात नेमणूक करताना कन्नड येणारी व्यक्तीच नेमावी, कारण ज्या उपचाराचा निम्मा भाग बोलणे आणि समजावणे हाच आहे तो दुभाष्यामार्फत होत नाही. उसाच्या हंगामात कारखान्याच्या परिसरातल्या मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, आठवड्यातून एक फेरी ठेवावी आणि तिचा खर्च कारखान्यांनी उचलावा, कारण त्या मजुरांच्या पाठीवरच त्यांचे गाळप चालते. व्यायाम चालू आहे की सुटला हे घरी जाऊन पाहण्याचे काम समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला देता येईल. आशाताईंवर ते ढकलायचे असेल तर त्याचा मोबदला आधी ठरवावा. आधीच त्यांच्या वहीत न मावणारी कामे आहेत.

पैशाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या सरकारी विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देतात. गुडघ्याची वाटी बदलायला मदत मिळू शकते, पण ती बदलण्याची वेळ दहा वर्षे पुढे ढकलू शकणाऱ्या तपासणीला, व्यायामाला आणि पाठपुराव्याला मिळत नाही. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, ते योग्यच झाले. परंतु स्वस्त झालेली शस्त्रक्रियाही ज्याला नको होती त्याच्यासाठी महागच असते, आणि तिच्यानंतरचे चालणे शिकवायलाही खेड्यात कोणी नसले तर बदललेला गुडघा वाकत नाही. मी असे गुडघे पाहिले आहेत.

या प्रयोगाची परीक्षा कशाने करायची हेही सुरू करण्याआधीच ठरले पाहिजे, नाहीतर वर्षअखेर ‘इतक्या रुग्णांना लाभ’ एवढाच आकडा वर जाईल. किती रुग्ण पहिल्याच भेटीत डॉक्टरकडे पाठवले, त्यांतल्या कितींत क्षय, संधिवात किंवा दुसरे काही गंभीर निघाले आणि ते कळायला किती दिवस लागले. किती जण कामावर परतले आणि कधी. केंद्रातून जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची संख्या घटली का. आणि फिजिओथेरपिस्टने परत घरी पाठवलेल्या रुग्णांपैकी कोणाला नंतर गंभीर आजार निघाला का, या नोंदी एका वहीत ठेवायला हव्यात. यातली शेवटची नोंद दर महिन्याला तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बैठकीत नावाशिवाय वाचून दाखवावी, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अस्थिरोग विभागाच्या एखाद्या अध्यापकाला त्या बैठकीस बोलवावे, आणि तिच्यात चूक दिसली तर पुढचे केंद्र उघडण्याआधी धोक्याच्या खुणांची यादी आणि प्रशिक्षण दुरुस्त करावे.